‘समाधानी आहात का?’ असं विचारणाऱ्या महानगरपालिकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या २९ महानगरपालिकांचे आयुक्त आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेले नगरसेवक

स.न.वि.वि.

आमच्या शहरात सध्या पाणी, ड्रेनेज आणि कचरा या तीन सेवांबद्दल नागरिक किती समाधानी आहेत याचं सर्वेक्षण चालू आहे. गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलं-मुली सोसायटीच्या गेटवर येतात, मोबाइलवर पाच-सात प्रश्न विचारतात, नाव आणि नंबर भरून घेतात आणि जाता जाता ‘काकू, शेवटी पाच स्टार द्या ना’ असंही म्हणतात. त्या पोरांवर माझा राग नाही. उन्हातान्हात जिने चढून ती बिचारी दिलेलं काम करतात. राग आहे तो त्या प्रश्नांवर, आणि त्या उत्तरांच्या जोरावर उद्या चौकात जो फलक लागणार आहे त्यावर. मी फॉर्म भरला नाही. जे सांगायचं आहे ते स्टारमध्ये मावत नाही, म्हणून हे पत्र.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या अठ्ठावीस ठिकाणी ‘हे त्यांचं आहे’ म्हणून पत्र बाजूला पडेल. आणि तसंही, नदी आणि धरण यांची नावं बदलली की हेच पत्र तुमच्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर ठेवता येईल.

मी एका मध्यम आकाराच्या सोसायटीची खजिनदार आहे. टँकरची बिलं, टाकी धुण्याचे पैसे, पंपाचं रिवाइंडिंग, चेंबर उपसणाऱ्याची मजुरी हे सगळं माझ्या वहीतून जातं. त्यामुळे महापालिकेची सेवा नेमकी कुठे थांबते आणि आमचा खिसा कुठे सुरू होतो, ते मला रुपया-पैशांत दिसतं. दुसरं कारण घरचं आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या इमारतीत कावीळ आली. ज्यांना झाली त्यांत माझी सून होती, गरोदर. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. ती आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. पण त्या आठवड्यांत नळाचं पाणी पिवळट येतं आणि त्याला वास येतो अशी आमची तक्रार नोंदवलेली होती, आणि महापालिकेच्या ॲपवर ती ‘निकाली’ दिसत होती.

आता तुमच्या प्रश्नावलीकडे येते. पहिला प्रश्न : ‘आपणास पुरेसे पाणी मिळते का?’

आमच्या सोसायटीतला कुणीही ‘हो’ म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण ते पाणी कसं पुरतं ते बघा. पाणी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेच्या आसपास कधीतरी सुटतं. ते आम्ही खाली बांधलेल्या हौदात घेतो. तिथून आमच्या विजेवर, आमच्या पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवतो. कमी पडलं तर टँकर बोलावतो. घरात येतं ते आरओच्या मशीनमधून जातं, आणि मशीन बिघडलं तर वीस लिटरचा जार येतो. नळाला आलेलं पाणी जसंच्या तसं पिणारं एकही घर आमच्या इमारतीत नाही. म्हणजे साठवण, उपसा, शुद्धीकरण आणि तुटवड्याच्या दिवसांतला पुरवठा, पाणीपुरवठा खात्याची ही चारही कामं आम्ही आपापल्या घरात करून घेतो, आणि वर समाधानी आहोत असं तुम्हाला लिहून देतो. आमच्या समाधानात तुमचा वाटा किती आणि टँकरवाल्याचा किती, हे तुमचा फॉर्म विचारतच नाही.

आमच्या मागच्या बाजूला जी वस्ती आहे तिथे हौद नाही, पंप नाही. पाणी पहाटे सुटणार असेल तर बायका पहाटे उठतात आणि ड्रम, कळशा, घागरी, असेल ते भरतात. व्हॉल्व्हमन बदलला की वेळ बदलते, आणि ती कळते फक्त शेजारणीच्या हाकेने. तुमच्या सर्वेक्षणाच्या मुली तिथेही गेल्या होत्या. त्या बायकांनी काय सांगितलं असेल? ‘ठीक आहे.’ कारण महापालिकेचं ओळखपत्र घातलेलं कुणीतरी दारात उभं राहून नाव आणि नंबर विचारतं, तेव्हा तिथल्या बाईच्या मनात पहिला विचार येतो तो आपल्या नळजोडाचा. तो अधिकृत आहे की नाही, आणि उद्या तोडायला कुणी येणार तर नाही ना. भीतीपोटी दिलेलं ‘ठीक आहे’ आणि सवयीने दिलेलं ‘ठीक आहे’, दोन्ही तुमच्या तक्त्यात समाधानाच्या एकाच रकान्यात पडतात.

मोजायचं काय, हे काही गूढ नाही. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्येच सेवांचे मापदंड ठरवून दिले. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी गटारं मिळून २८ निर्देशक आहेत. पाण्याच्या बाबतीत प्रत्येक घराला नळ, माणशी दररोज १३५ लिटर, २४ तास पुरवठा, सगळे जोड मीटरवर, आणि गळती, चोरी वगैरे मिळून हिशेबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत. अठरा वर्षांपूर्वीचं आहे हे. चोवीस तासांचा मापदंड असताना आपण दिवसाआड पाण्यालाही ‘सुरळीत पुरवठा’ म्हणायला शिकलो. पिंपरी-चिंचवडसारख्या श्रीमंत महापालिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं आणि मग तीच रीत होऊन बसली. छत्रपती संभाजीनगरच्या लोकांनी नाथसागर जवळ असून कित्येक दिवसांआड पाणी भरलं. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण त्यांना कुणी शिकवावी लागत नाही.

रोज थोडा वेळ किंवा दिवसाआड पाणी देण्यात नुसती गैरसोय नाही, धोका आहे. हा मुद्दा सर्वेक्षणात कुठेच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाणी सुटलेलं असतं तेव्हा पाइपात दाब असतो आणि जिथे भोक असेल तिथून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, दाब जातो, आणि त्याच भोकातून बाहेरचं आत येतं. शेजारून ड्रेनेजची फुटकी लाइन जात असेल, किंवा जुन्या गल्ल्यांत दिसतं तसा घराचा नळजोड सरळ गटारातून गेलेला असेल, तर आत काय येणार ते सांगायला नको. पुढच्या वेळी पाणी सुटल्यावर सुरुवातीला जे गढूळ, वासाचं पाणी येतं, ते हेच. त्यात दाब कमी म्हणून लोक थेट नळाला टिल्लू पंप लावतात. पंप ओढायला लागला की रिकाम्या पाइपात आजूबाजूचं आणखी शोषलं जातं. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाणी कितीही स्वच्छ असो, शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये त्याचं मातेरं होतं. आणि तुम्ही तपासणीचे जे आकडे छापता, ते केंद्राच्या दारातले की आमच्या नळाचे, हे कधी स्पष्ट नसतं.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात, जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, हातापायांतलं बळ जाणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण सापडायला लागले आणि संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. संशय पाण्यावर होता. नांदेड आणि किरकटवाडी ही २०२१ मध्ये महापालिकेत घेतलेली गावं. हद्दीत घेणं कागदावर एका दिवसात होतं, जलवाहिनी आणि शुद्धीकरण मागाहून येतं. हेच पुणे २०२१ च्या मार्चमध्ये जाहीर झालेल्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकात दहा लाखांवरच्या शहरांत देशात दुसरं होतं, आणि त्या निर्देशांकात ३० टक्के वजन नागरिकांच्या मताला होतं. मत देणारे खोटं बोलले असं मी म्हणत नाही. ज्यांच्या नळाला नीट पाणी येतं त्यांनी तसं सांगितलं. शहराची सरासरी चांगली आली आणि कडेचा माणूस त्या सरासरीत बुडाला. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षं पहिल्या येणाऱ्या इंदूरमध्येही २०२५ च्या डिसेंबरात भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळून लोक दगावले. रस्ता झाडलेला दिसतो. जमिनीखालची लाइन दिसत नाही, आणि गुण दिसतं त्यालाच मिळतात.

तक्रारींबद्दल. त्या २००८ च्या मापदंडांत ८० टक्के तक्रारींचं निवारण व्हावं, असंही एक कलम आहे. या एका आकड्याने आमचा घात केला असा माझा दाट संशय आहे. पाण्याची तक्रार केली की ‘स्थळ पाहणी केली, पाणी स्वच्छ आढळले’ असा शेरा मारून ती बंद होते. पाहणीला येणारा माणूस येतो दुपारी, पाणी आलेलं असतं सकाळी. पुन्हा तक्रार केली तर नवा क्रमांक पडतो, म्हणजे तुमच्या हिशेबात एका न सुटलेल्या प्रश्नातून दोन निकाली तक्रारी तयार होतात. मी वॉर्ड ऑफिसात गेले तर पाणी खात्याने ड्रेनेज खात्याकडे बोट दाखवलं, ड्रेनेजने रस्ते खोदणाऱ्या ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार म्हणाला की खोदाईच्या वेळी खाली कोणती लाइन कुठून जाते याचा नकाशा त्याला कुणी दिलाच नव्हता. मला त्या तिघांतला सर्वांत प्रामाणिक तोच वाटला.

ड्रेनेजचा प्रश्न तर आणखी गमतीचा. ‘आपल्या परिसरात ड्रेनेज तुंबते का?’ समजा, नाही तुंबत. मी समाधानी. पण जातं कुठे ते? आमच्या भागातलं ओढ्यात जातं, ओढा नदीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. प्रक्रिया केंद्रं बांधलेली होती ३१,८४१ दशलक्ष लिटरची. म्हणजे बांधलेलीसुद्धा पूर्ण चालत नव्हती. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरतं, आणि उजनीचं पाणी सोलापूरकर पितात, तेही काही दिवसांआड. पुण्यातल्या कुणी ड्रेनेजला पाच स्टार दिले तर त्याचं बिल सोलापुरात फाटतं. नदीकाठच्या प्रत्येक शहराने वरच्या गावाच्या नावाने बोटं मोडायची आणि आपला नाला खालच्या गावाला सोडायचा, हा आपला शिरस्ता. खालच्या गावाच्या लोकांना तुमच्या समाधान सर्वेक्षणात एक तरी ओळ आहे का?

कचऱ्याबद्दल मी फार तक्रार करणार नाही. घंटागाडी येते, जवळजवळ रोज येते, आणि दहा वर्षांपूर्वी कोपऱ्यावर जे कोंडाळं भरून वाहायचं ते गेलं. याचं श्रेय तुमचं आहे आणि ते मी फॉर्ममध्येही दिलं असतं. एकच गोष्ट खटकते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केलं, आम्ही दोन डबे केले, बायकांच्या बैठका घेऊन घरोघरी समजावलं, आणि ते दोन डबे गाडीत एकाच कप्प्यात रिकामे होताना सगळी इमारत गच्चीतून बघते. लोकांना पुन्हा समजवायला जायचं कोणत्या तोंडाने?

ज्यांच्या जिवावर हे सगळं चालतं त्यांचं नाव प्रश्नावलीत कुठेच नाही. माणसाने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात उतरणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे. गटारात जीव गमावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते आहे, याचा अर्थ माणसं अजून उतरत आहेत. आमच्या गल्लीत चोकअप काढायला जेटिंगची गाडी यायच्या आधी बांबू आणि दोरी घेऊन दोन पोरगेले मुलगे येतात. ते ठेकेदाराचे. पायात स्लीपर. सोसायटीतले लोक नाकाला रुमाल लावून ‘लवकर करा रे’ म्हणतात आणि काम झालं की समाधानी असतात. त्या समाधानाची मला लाज वाटते.

आता मागण्या. यात नवा कायदा किंवा हजार कोटींची योजना यांपैकी काही लागत नाही.

सर्वेक्षण करायचंच असेल तर ते महापालिकेच्या किंवा तिच्या ठेकेदाराच्या माणसांकडून नको. शहरातल्या महाविद्यालयांच्या संख्याशास्त्र किंवा भूगोल विभागांना ते द्या. नाव आणि नंबर घेऊ नका. हौद असलेली घरं आणि ड्रम भरणारी घरं यांचे आकडे वेगळे छापा, एकत्र करू नका. आणि स्टार काढून टाका. त्याऐवजी साधं विचारा : पाणी किती वाजता आलं, किती वेळ आलं, गेल्या महिन्यात कधी गढूळ आलं का, टँकर आणि जारवर किती खर्च झाला, घरात कुणाला जुलाब किंवा कावीळ झाली का. या पाच उत्तरांवरून आमचं समाधान तुम्हाला न विचारताही कळेल.

पाण्याची तपासणी वस्तीच्या शेवटच्या टोकाच्या नळावर करा, पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत करा, आणि निकाल दर आठवड्याला वॉर्ड ऑफिसच्या दारावर लावा. क्लोरीन बघायची ओटी टेस्ट स्वस्त आहे, ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारीही ती करतो. नळाच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं आणि १०० मिलिलिटरच्या नमुन्यात ई. कोलाय अजिबात सापडू नये, असं भारतीय मानक सांगतं. ते सापडलं तर त्या दिवशी त्या गल्लीत भोंगा लावून सांगा. करवसुलीच्या मोहिमेत तुमचा भोंगा प्रत्येक गल्लीत फिरतो, मग रस्ता माहीत नाही असं नाही.

तक्रार बंद करण्याचा अधिकार तक्रार करणाऱ्याला द्या. त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी दिल्याशिवाय शेरा ‘निकाली’ होऊ नये. आणि एकाच पत्त्यावरून एकच तक्रार पुन्हा आली तर ती जुन्याच क्रमांकावर उघडली जावी.

गटारातून गेलेले नळजोड प्रत्येक प्रभागात मोजा आणि ते कधीपर्यंत बदलणार ती तारीख जाहीर करा. पाणी आणि ड्रेनेजच्या वाहिन्यांचे नकाशे प्रभागनिहाय खुले करा. चुकीचे असले तरी करा. गल्लीतली म्हातारी माणसं आणि जुने प्लंबर ते दुरुस्त करून देतील. खोदाईचा परवाना त्या नकाशाशिवाय कुणालाही देऊ नका. आणि गटारात माणूस उतरवणाऱ्या ठेकेदाराचं बिल थांबवा, नुसती नोटीस पाठवून गप्प बसू नका.

पैशांबद्दलही स्पष्ट लिहिते, कारण तुमचं उत्तर तिथूनच सुरू होतं. पाणीपट्टी वाढवायची असेल तर मीटर लावा आणि वाढवा. आमच्या सोसायटीचा टँकर, जार, वीज, आरओ असा पाण्यावरचा वर्षाचा खर्च तुमच्या पाणीपट्टीच्या कितीतरी पट आहे. तो वाचणार असेल तर त्यातला मोठा हिस्सा आम्ही तुम्हाला आनंदाने देऊ. गरीब वस्त्यांना कमी वापरासाठी कमी दर ठेवा. हे होत नाही असं सांगू नका. कराडला लागून असलेल्या मलकापूरने, नगरपंचायत असताना, तीसेक हजार लोकवस्तीला मीटरवर चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. तिथे अभ्यास दौरे तर तुमचेच गेले.

नगरसेवकांना वेगळं सांगायचं आहे. काही महापालिकांत २०२० पासून, बाकीच्यांत २०२२-२३ पासून प्रशासक होते. त्या काळात आमच्या तक्रारींना दार नव्हतं, हे तुम्हीच प्रचारात आम्हाला सांगितलंत. आता दार उघडलं आहे. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. ती तुमच्या प्रभागात एकदा तरी घ्या. पाणी खात्याचा, ड्रेनेजचा आणि घनकचऱ्याचा असे तीन अभियंते एकाच टेबलामागे बसवा, म्हणजे बोट दाखवायला चौथा कुणी उरणार नाही. आमच्या प्रभागात अशी सभा पावसाळ्याच्या आधी झाली तर सोसायटीचा हॉल आम्ही विनामूल्य देऊ. खुर्च्या दीडशे आहेत. माझ्या वह्या, टँकरच्या पावत्या आणि बंद केलेल्या तक्रारींचे क्रमांक घेऊन मी पहिल्या रांगेत असेन. सभेची तारीख प्रभागाच्या फलकावर लावा, एवढंच उत्तर या पत्राला पुरे.

कळावे,
आपल्या शहरातली एक करदाती
(खजिनदार, सहकारी गृहनिर्माण संस्था)